शस्त्रक्रियेत चूक झाली, आता रुग्णाला सांगायचं कसं? खानदेशातल्या सर्जनसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे सर्जन एकत्र बसले की अवघड केसेसच्या गप्पा रंगतात. पण चुकलेल्या केसमध्ये नातेवाइकांशी नेमकं काय बोललो, हे कुणी सांगत नाही. ज्युनिअरला पिढ्यान्‌पिढ्या एकच सल्ला मिळतो: "काही कबूल करू नकोस, कॉम्प्लिकेशन झालंय म्हण आणि पुढे पाठव." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कायदेशीर दोष घाईघाईने अंगावर घेऊ नये, हे खरं. पण त्याचा अर्थ 'काय घडलं तेही सांगू नये' असा लावला जातो आणि तिथून प्रकरण हाताबाहेर जातं. ग्राहक आयोगापर्यंत किंवा काचा फुटण्यापर्यंत गेलेल्या बहुतेक प्रकरणांत मी एकच गोष्ट ऐकली आहे: "आम्हले कोन्ही काही सांगंच नही."

सर्जन गप्प का राहतात, याची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. केसची भीती, मारहाणीची भीती, तालुक्याच्या गावात नाव खराब होण्याची भीती, आणि या सगळ्यांच्या तळाशी स्वतःची लाज. हे फक्त इकडचं नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या तीन रुग्णालयांतल्या सर्जनचा अभ्यास २०१६ मध्ये 'जामा सर्जरी'त आला होता. जवळपास सगळ्यांनी घटना २४ तासांत सांगितली होती आणि पुढे कोणते उपचार करतोय हेही सांगितलं होतं. माफी मात्र साधारण ५५ टक्क्यांनीच मागितली. हे टाळता आलं असतं का, यावर बोलणारेही तेवढेच. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे सांगणारे जेमतेम एक तृतीयांश. मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे: 'टाळता आलं असतं का' हा विषय टाळणाऱ्या सर्जननाच त्या प्रसंगाचा मानसिक त्रास जास्त झाला होता.

पुढे जे लिहिलंय ते छोट्या आणि मध्यम खासगी हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या सर्जनसाठी आहे, विशेषतः आठवड्यातून दोन दिवस तालुक्याला जाऊन ऑपरेशन करणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी: आधी रुग्ण

हे सांगायची गरज नसावी, पण आहे. चूक लक्षात आली की ती आपणच निस्तरून दाखवावी, अशी ऊर्मी येते. लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा झाली आणि अशा दुरुस्तीचा आपल्याला अनुभव नाही, तर तिथेच टाके घालत बसू नका. ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) ठेवा, रुग्ण स्थिर करा, यकृत-पित्ताशयाचं काम करणाऱ्या सर्जनला टेबलवरूनच फोन लावा. पहिली दुरुस्ती अनुभवी हातून होणं यावर रुग्णाचं पुढचं आयुष्य ठरतं. भूलतज्ज्ञांना काय झालंय ते तिथेच मोकळेपणाने सांगा. गावात दुसरा सर्जन असेल, मग त्याच्याशी तुमची स्पर्धा का असेना, त्याला बोलवा. चोपडा, शिरपूर, शहाद्यासारख्या ठिकाणी हे जड जातं, मला माहीत आहे. पण दुसऱ्या सर्जनची नोंद केसपेपरवर असणं रुग्णाच्याही हिताचं आणि तुमच्याही.

दुसरी पायरी: कागद

हातमोजे काढल्यावर पहिलं काम ऑपरेशन नोट. काय दिसलं, काय केलं, इजा केव्हा लक्षात आली, कुणाला किती वाजता फोन केला, हे वेळेसकट लिहा. एखादी गोष्ट राहून गेली तर नंतर लिहा, पण 'उशिरा केलेली नोंद' असं म्हणून, त्या वेळची तारीख-वेळ घालून. जुन्या ओळीत घुसवू नका, खाडाखोड करू नका, पान बदलू नका. मूळ चुकीचा बचाव करता येतो. बदललेल्या केसपेपरचा कुणालाच करता येत नाही. लॅपरोस्कोपीचं रेकॉर्डिंग असेल तर त्याची प्रत काढून ठेवा.

नातेवाइकांनी कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. त्याच नियमांनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे. वादाची शक्यता असेल तर तीन वर्षांनी रद्दीत घालू नका. "डॉक्टर गावाला गेलेत, फाइल कपाटात आहे" हे उत्तर देणारा रिसेप्शनिस्ट तुमचं जितकं नुकसान करतो तितकं समोरचा वकीलही करत नाही.

तिसरी पायरी: नेमकं काय झालंय, हे स्वतःशी ठरवा

कुणाशीही बोलण्याआधी अर्धा तास शांत बसा आणि प्रकरण तीनपैकी कुठे बसतं ते पाहा. पहिला प्रकार: सगळी काळजी घेऊनही होणारा ज्ञात धोका, जसं जखमेत पू होणं. दुसरा: ठरलेली पद्धत मोडली गेली आणि त्यातून इजा झाली, जसं मॉपची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी न जुळताच पोट शिवलं. तिसरा: अजून सांगता येत नाही. प्रामाणिकपणे पाहिलं तर पहिल्या दिवशी बरीच प्रकरणं या तिसऱ्यातच असतात. ती तशीच सांगायची असतात. पहिल्यात ढकलायची नसतात, आणि घाबरून दुसऱ्यातही नाही.

कायदाही हा फरक करतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अच्युतराव खोडवा प्रकरणाचा निकाल दिला. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला, दुसरं ऑपरेशन झालं आणि ती बाई गेली. न्यायालय म्हणालं, डॉक्टरा-डॉक्टरांचं कौशल्य कमीजास्त असतं, एकाच आजाराला उपचाराचे एकाहून जास्त मार्ग असतात, तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. पण पोटात टॉवेल राहणं हे स्वतःच बोलतं. सरकारला भरपाई द्यावी लागली. म्हणून मॉप राहिला असेल तर 'शरीराने गाठ तयार केलीय' वगैरे भाषा करू नका. मॉपमधला धागा एक्स-रेवर दिसतो, आणि तो एक्स-रे उद्या नाशिकच्या डॉक्टरच्या व्ह्यूबॉक्सवर लागणारच आहे.

चौथी पायरी: कुणाकुणाला कळवायचं

हॉस्पिटलचे मालक, भूलतज्ज्ञ आणि तुमची इन्डेम्निटी विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) कंपनी. पॉलिसी उघडून वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दायित्व मान्य करू नये आणि दाव्याची शक्यता दिसताच कळवावं, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. कंपनीला ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. या अटीचा अर्थ रुग्णाशी बोलायला मनाई असा नाही. वस्तुस्थिती सांगणं आणि 'भरपाई मी देईन' असं म्हणणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वकिलाला फोन करा, पण नातेवाइकांशी काय बोलायचं याचा मजकूर त्याच्याकडून लिहून घेऊ नका. तो कोर्टाच्या भाषेत लिहील आणि समोरच्याला तो लगेच ओळखू येईल.

एक वाक्य सगळ्या स्टाफला सांगून ठेवा: "डॉक्टरसाहेब स्वतः भेटून सांगणार आहेत, किती वाजता ते आत्ता सांगते." वॉर्डबॉय, सिस्टर, मेडिकल दुकानवाला, प्रत्येकाने आपापली माहिती दिली की संध्याकाळपर्यंत गावात चार वेगवेगळ्या गोष्टी फिरतात.

पाचवी पायरी: कोण सांगणार?

खानदेशातली खरी अडचण इथे आहे. सर्जन जळगावहून किंवा धुळ्याहून येतो, दुपारी तीन केस करतो आणि संध्याकाळी परत निघतो. हॉस्पिटल दुसऱ्याचं, रुग्ण तिसऱ्या फॅमिली डॉक्टरने पाठवलेला. रात्री ड्रेनमध्ये हिरवं पित्त दिसतं आणि समोर उभा असतो बीएएमएस झालेला आरएमओ (हॉस्पिटलमधला निवासी डॉक्टर), ज्याने ऑपरेशन पाहिलेलंही नसतं. तो घाबरून "सर उद्या येतील" म्हणतो. त्या एका रात्रीत नातेवाइकांच्या मनात तुमच्याविषयी जे तयार होतं, ते पुढे महिनाभर बोलून निघत नाही.

म्हणून नियम सरळ ठेवा. ज्याने ऑपरेशन केलं तोच सांगेल, आणि त्यासाठी गाडी काढून परत जाईल. जळगाव ते चोपडा रात्रीसुद्धा फार अंतर नाही. नंदुरबारहून धडगावचा घाट रात्री चढणं खरोखर शक्य नसेल, तर व्हिडिओ कॉलवर या आणि सकाळी हजर व्हा. हॉस्पिटलच्या मालकाने शेजारी बसावं, मध्ये बोलू नये. फॅमिली डॉक्टरलाही बोलवा. बऱ्याच घरांत त्याच्या शब्दाला तुमच्यापेक्षा जास्त वजन असतं, आणि त्याला बाहेरून कळलं तर तो बाहेरचाच बनतो. व्हिजिटिंगचा करार करतानाच हे मालकांशी बोलून घ्या. पैसे ठरतात तेव्हाच हेही ठरतं.

सहावी पायरी: जागा, वेळ, माणसं

वॉर्डात नाही, जिन्यात नाही, बिलाच्या काउंटरजवळ तर नाहीच. ओपीडीचं दार लावा, सगळ्यांना बसायला खुर्च्या द्या, स्वतःही बसा. मोबाइल बंद. रुग्ण शुद्धीवर असेल तर ऐकण्याचा पहिला हक्क तिचा आहे. "बाईला सांगू नका, घाबरेल" असं नवरा म्हणाला तरी तिलाच विचारा की तिला किती जाणून घ्यायचंय आणि कुणासमोर. घरच्यांपैकी तिघं-चौघं पुरे. सरपंच, पुढारी किंवा 'गावातले चार जण' आले तर चहा पाजून बाहेर बसवा: "आप्पा, आधी घरच्यांशी बोलतो, मग ते म्हणतील तर तुमच्याशी बोलतो." गोपनीयतेचं कारण लोकांना पटतं, उर्मटपणे सांगितलं नाही तर.

अक्कलकुवा, धडगावकडची पावरी किंवा भिलोरी बोलणारी कुटुंबं असतील तर दुभाष्या हवाच. त्या भाषेतली सिस्टर किंवा आशाताई चालेल, घरातला बारा वर्षांचा मुलगा नको. आणि तुम्हाला अहिराणी येत असेल तर अशा वेळी जरूर बोला.

सातवी पायरी: प्रत्यक्ष बोलणं

पित्तनलिकेचंच उदाहरण घेऊ. नवरा, मोठा मुलगा आणि रुग्णाची बहीण समोर आहेत.

"आप्पा, भाऊ, ताई, बसा. बातमी चांगली नाही, पण सगळं स्पष्ट सांगतो. काल पित्ताशय काढताना आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीला इजा झाली आहे. काल रात्री पोटातल्या नळीतून हिरवं पाणी आलं तेव्हा ते कळलं. काकूंना आत्ता ताप नाही, बीपी ठीक आहे. पण ही इजा आपोआप भरेल असं मी म्हणणार नाही."

इथे थांबा. पुढची माहिती ओतू नका. कुणीतरी विचारतंच: "पन काय जायं नेमकं?"

"शेतात ठिबकची बारीक लॅटरल बंद करताना शेजारची सबमेन कापली गेली, असं समजा. पित्ताशयाची छोटी नळी बंद करायची होती, मुख्य नळी दुखावली गेली."

मग तो प्रश्न येतोच, ज्याला सगळे घाबरतात: "चूक कोनी शे?"

"ऑपरेशन मी केलं. इजा त्याच ऑपरेशनमध्ये झाली. ती सूज आणि चिकटपणामुळे झाली की माझ्या ओळखण्यात चूक झाली, हे रेकॉर्डिंग दुसऱ्या सर्जनबरोबर बसून पाहीन आणि गुरुवारी संध्याकाळी तुम्हाला सांगेन. जे दिसेल तेच सांगेन. काकूंना हा त्रास झाला याचं मला मनापासून वाईट वाटतं, त्याबद्दल मी तुमची माफी मागतो."

या उत्तरात घडलेली गोष्ट आहे, माहीत नसलेली गोष्ट आहे आणि ती कधी कळेल याची तारीख आहे. 'मी निष्काळजीपणा केला' हे त्यात नाही, कारण निष्काळजीपणा हा कायद्याचा निष्कर्ष आहे आणि त्या संध्याकाळी तो तुम्हालाही ठाऊक नसतो. भूलतज्ज्ञ, सिस्टर, मशीन, रुग्णाचं लठ्ठपण यांच्याकडे बोट दाखवणंही त्यात नाही. "तुम्ही संमतीपत्रावर सही केली होती" हे वाक्य तर त्या खोलीत उच्चारूच नका. संमती आधीच नीट समजावून घेतली असेल तर लोकांना धोका आठवतो. नसेल तर सही दाखवून काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालानंतर संमती म्हणजे नुसती सही नव्हे, हे कोर्टांत पक्कं झालं आहे.

लोक रडतील, ओरडतील. तेव्हा समजावत बसू नका. पाच मिनिटं गप्प राहता आलं तर बरंच काही निभावतं. जाताना तुमचा स्वतःचा नंबर द्या. बोलणं संपल्यावर कोण हजर होतं, काय सांगितलं, काय प्रश्न आले, पुढची भेट कधी, हे केसपेपरवर लिहा.

माफी मागितली तर केसमध्ये अडकू का?

इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने माफी म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे, असं ठरवून टाकलं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कमीजास्त संरक्षण आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चूक सांगून स्वतःहून भरपाई देऊ करण्याची पद्धत सुरू केली, त्यानंतर तिथले दावे कमी झाले. पण तिथे रुग्णालयाची स्वतःची विमा व्यवस्था आहे. आपल्या पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलला ते जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे माफीला असं संरक्षण देणारा कायदा नाही. तुमचं वाक्य कबुली म्हणून पुढे ठेवलं जाऊ शकतं. म्हणूनच वर शब्द मोजून दिले आहेत.

दुसरी बाजूही पाहा. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाच्या स्थितीचं गांभीर्य वाढवूनही सांगायचं नाही आणि कमी करूनही नाही. म्हणजे लपवणं हा सुरक्षित पर्याय कधीच नव्हता. फौजदारी भीतीचं म्हणाल तर २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरसाठी कमाल शिक्षा दोन वर्षं आणि दंड आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं असते आणि २०१९ च्या कायद्यानुसार रुग्ण आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. सरकारी आरोग्य योजनेतून मोफत ऑपरेशन झालं म्हणून आपण सुटलो, असं मानू नका. बिल कुणीतरी भरलेलंच असतं.

बिल आणि रेफरल

बिलाची मागणी ताबडतोब थांबवा. पुढे किती माफ करायचं ते विमा कंपनीशी बोलून ठरवा आणि 'सहानुभूती म्हणून, दायित्व न स्वीकारता' असं लिहून माफ करा. "तक्रार करणार नाही" अशा स्टॅम्पपेपरवर आयसीयूच्या दारात सही घेण्याचा उद्योग करू नका. त्या कागदाला फारशी किंमत नसते, आणि काहीतरी लपवतायत हे मात्र त्यातून पक्कं होतं.

नाशिक, संभाजीनगर, मुंबई की सुरत, हे ठरवताना ते काम तिथे कोण करतं हे पाहा. नंदुरबारकरांना सुरत रेल्वेने सोपं, पण आपली योजना राज्याबाहेर चालेल का हे आधी विचारा. रेफरलच्या चिठ्ठीत इजेचं खरं वर्णन लिहा. 'पोस्ट-ऑप केस, पुढील उपचारासाठी' एवढंच लिहून पाठवलं तर पुढच्या सर्जनचा एक दिवस वाया जातो. त्याला स्वतः फोन करा, ॲम्ब्युलन्समध्ये आपला डॉक्टर बसवा, पोहोचल्यावर मुलाला फोन करा. आणि उद्या दुसऱ्याची अशी केस तुमच्याकडे आली तर पेपर वाचण्याआधी "कुणी केलं हे?" असं नातेवाइकांसमोर विचारू नका. निम्मे दावे या एका प्रश्नातून उगवतात, असं माझं मत आहे.

मृत्यू झाला असेल, किंवा गर्दी जमली तर

टेबलवर किंवा ऑपरेशननंतर अनपेक्षित मृत्यू झाला तर पोलिसांना कळवा आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरा. घरचे नको म्हणाले तरी त्यांना सांगा की कारण कळण्याचा तोच मार्ग आहे. बिलासाठी मृतदेह अडवू नका. राज्याच्या नर्सिंग होम नियमांतही त्याला मनाई आहे.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला किती अमानुष मारहाण झाली, हे आपण विसरलेलो नाही. मोकळेपणाने बोला म्हणजे जमावासमोर एकटे उभे राहा, असं नाही. ओपीडीच्या खोलीला दुसरं दार असावं, कॅमेरा चालू असावा, ११२ ला फोन कोण करणार हे आधी ठरलेलं असावं. २०१० च्या राज्य कायद्याने अशा हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली आहे. त्या कायद्याचा फलक दर्शनी भागात लावा. पण बोलायला बसताना शेजारी बाउन्सर उभा करू नका.

नंतरचे दिवस

गुरुवारी सांगेन म्हणालात तर गुरुवारी सांगा, नवीन काही कळलं नसलं तरी. रेकॉर्डिंगमध्ये चूक दिसली तर तेही सांगा आणि काय बदललं ते सांगा: पित्ताशयाची नळी आणि धमनी दोन्ही वेगळ्या दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, मॉपची मोजणी फळ्यावर लिहायची, जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी तीन टप्प्यांत, म्हणजे भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी, मोठ्याने वाचायची. घरच्यांना हे ऐकायचं असतं, आणि नेमकं हेच सांगणारे सर्जन सगळ्यात कमी आहेत.

तुमचं स्वतःचंही काही असतं. झोप लागत नाही, पुढच्या केसला हात जड होतो. दुसऱ्या एखाद्या सर्जनशी बोला, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट ग्रुपवर टाकलेत तर ते फिरत फिरत त्याच गावात पोहोचतात. आरएमओ आणि थिएटर सिस्टरला बोलवून त्यांच्या नजरेने काय घडलं ते विचारा, पण दम देऊन नाही. दुसऱ्या दिवशीची लिस्ट तपासा. इमर्जन्सी असेल ती दुसऱ्याकडे पाठवता येते का पाहा; हर्निया, हायड्रोसील दोन-चार दिवस पुढे ढकला. कारण विचारलं तर "डॉक्टरांना एका सिरीयस पेशंटकडे लक्ष द्यायचंय" एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.